एका थांब्याचे दोनशे युनिट

हे प्रकरण देशाच्या मध्यभागातल्या एका रेल्वे विभागातलं आहे. विभाग आणि स्टेशनांची नावं, माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी तेव्हा तिथल्या लॉबीत चीफ लोको इन्स्पेक्टर होतो. इंजिन चालवणाऱ्यांना शिकवायचं, त्यांच्याबरोबर फिरायचं आणि काही चुकलं तर का चुकलं ते वर कळवायचं, हे माझं काम. पुढे ज्या निर्णयांना मी चुकीचं म्हटलं आहे, त्यांतल्या दोनांवर माझीच सही होती.

पार्श्वभूमी

ड्रायव्हर, असिस्टंट आणि गार्ड जिथे साइन ऑन करून ड्युटी घेतात आणि उतरल्यावर साइन ऑफ करतात, ती लॉबी. आमच्या लॉबीचं मुख्य काम कोळशाचं. खाणीकडून भरलेली बॉक्सएन रेक, म्हणजे वरून उघड्या वॅगनची अख्खी माळ, औष्णिक वीज केंद्राकडे न्यायची आणि रिकामी परत आणायची. रेकला ५८ वॅगन. भरलेली असली की इंजिन धरून साधारण ५,००० टन, रिकामी असली की १,३०० टनांच्या आसपास. भरलेल्या रेकला तेव्हा ताशी ६० किलोमीटरची मर्यादा होती.

मार्ग दुहेरी, वर २५,००० व्होल्टची एसी तार. इंजिनं दोन जातींची. एक डब्ल्यूएजी-७, म्हणजे टॅप चेंजरवाली, ज्यांना लॉबीत सगळे ‘कन्व्हेन्शनल’ म्हणतात. दुसरी डब्ल्यूएजी-९, म्हणजे ‘थ्री फेज’. या दुसऱ्या जातीची पहिली इंजिनं १९९६ साली परदेशातून आली आणि मग चित्तरंजनला बनू लागली. थ्री फेजचं वैशिष्ट्य रिजनमध्ये, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमध्ये आहे. उतारावर किंवा वेग कमी करताना याच्या मोटारी जनरेटर होतात आणि चाकांची ओढ वीज बनून तारेत परत जाते. मुंबईत १९२५ साली सुरू झालेल्या १,५०० व्होल्टच्या डीसी पद्धतीत अशी परत आलेली वीज खायला जवळपास दुसरी गाडी लागायची, नाहीतर ती वायाच जायची. एसीत तशी अडचण नाही. जवळ गाडी असेल तर ती घेते, नसेल तर सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ग्रिडमध्ये जाते.

मार्गाचा उभा नकाशा समजला तर बाकीचं समजेल. खाणीकडून निघाल्यावर गाडी हळूहळू चढत एका माथ्यावर येते. माथ्यावर एक छोटं स्टेशन आहे, त्याला आपण ‘माथा’ म्हणू. तिथून पुढे दहा किलोमीटर दोनशेला एक असा उतार. उताराच्या तळाशी, अगदी खळग्यात, दुसरं स्टेशन. त्याला ‘खळगा’ म्हणू. खळग्यानंतर लगेच चढ. त्याच्याही पुढे एक मोठं स्टेशन, जिथे चार दिशांच्या गाड्या येतात आणि मालगाडीला लाइन मिळेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं.

अडचण

विजेच्या खर्चाबद्दल पत्र आलं. अशी पत्रं दर वर्षी येतात, पण या वेळी त्यात आकडा होता. दर हजार टन-किलोमीटरमागे किती युनिट जळतात याचा विभागाचा आकडा शेजारच्या विभागांपेक्षा वाईट होता आणि तो ‘चालकनिहाय’ तपासून खाली आणा, असा आदेश होता.

चालकनिहाय हा शब्द कुणाला सुचला ते कळलं नाही, पण त्याच्यामागचा विचार सरळ होता. इंजिनात एनर्जी मीटर असतो. किती युनिट घेतले आणि रिजनने किती परत दिले, हे दोन्ही तो दाखवतो. ड्रायव्हर चार्ज घेताना आणि देताना आकडे टिपतो आणि साइन ऑफच्या वेळी लॉबीतल्या कियॉस्कवर भरतो. म्हणजे प्रत्येक फेरीचा आणि प्रत्येक माणसाचा हिशेब आयताच तयार. क्रम लावायचा, खालच्यांना समज द्यायची, वरच्यांचं कौतुक करायचं.

पहिला निर्णय: यादी

आम्ही तेच केलं. महिन्याच्या शेवटी यादी काढून साइन ऑनच्या काउंटरशेजारी लावली. वरच्या पाच जणांना प्रशंसापत्र, खालच्या पाच जणांचं समुपदेशन. समुपदेशन करणारा मी.

खालून दुसऱ्या नंबरावर जे नाव होतं, ते लॉबीतल्या सगळ्यात मुरलेल्या माणसाचं होतं. पंचवीसेक वर्षं इंजिनावर काढलेली, हात इतका हलका की पाठीमागच्या ब्रेकव्हॅनमध्ये गार्डच्या कपातला चहा हलत नाही अशी ख्याती. ते माझ्यासमोर बसले, खिशातून स्वतःची डायरी काढली आणि म्हणाले, “साहेब, या महिन्यात मला किती थ्री फेज मिळाली ते आधी बघा. मग माझं समुपदेशन करा.”

बघितलं. दोन फेऱ्या सोडल्या तर सगळ्या कन्व्हेन्शनल इंजिनावरच्या. रिजन देणारं इंजिनच हातात नसेल तर रिजनचा आकडा येणार कुठून? वर त्यांच्या बहुतेक फेऱ्या भरलेल्या रेकच्या होत्या.

मग मी यादीत पहिल्या आलेल्या माणसाच्या फेऱ्या काढल्या. तो दोन इंजिनं जोडलेल्या गाड्यांवर जास्त होता. अशा जोडीत ड्रायव्हर पुढच्या इंजिनात बसतो आणि त्याच इंजिनाचा मीटर टिपतो. मागच्या इंजिनाचा मीटर मागच्या इंजिनात. उन्हात खडीवरून चालत मागे जाऊन तो टिपायचा, असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. थोडक्यात, आमच्या सर्वोत्तम ड्रायव्हरचा निम्मा खर्च हिशेबात आलाच नव्हता.

तिसरी गोष्ट हळूहळू कळली. यादी लागल्यापासून काही आकडे फारच गोल येऊ लागले. मीटर बंद आहे, स्क्रीन दिसत नव्हती, असे शेरेही वाढले. मला त्याचं नवल वाटलं नाही. काट्यावर बोट ठेवल्याशिवाय कुणी स्वतःच्या विरुद्ध वजन करत नाही.

दुसऱ्या महिन्याची यादी आम्ही लावली नाही, पण पहिली लगेच काढलीही नाही. ती आठवडाभर तशीच लटकत होती. साहेबांना विचारल्याशिवाय काढायची कशी, हा माझा प्रश्न होता, आणि तो भित्रा प्रश्न होता.

फूटप्लेटवर

यानंतर मी एक गोष्ट बरी केली. त्या मुरलेल्या ड्रायव्हरबरोबर आणि आणखी काही जणांबरोबर भरलेल्या रेकच्या आठ फेऱ्या फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनाच्या केबिनमध्ये केल्या. हातात वही. गाडी कुठे थांबली, का थांबली, थांबण्याआधी किती किलोमीटर पॉवर चालू होती, पुन्हा वेग पकडायला किती वेळ लागला, एवढंच लिहायचं. ड्रायव्हरच्या हाताबद्दल काहीच लिहायचं नाही, असं आधी ठरवून सांगितलं.

आठ फेऱ्यांत मला हातांमधला फरक दिसला, नाही असं नाही. एक तरुण गडी थ्रॉटल सारखा वरखाली करायचा, दुसरा उगाच पन्नासऐवजी साठच्या काट्याला चिकटून राहायचा. पण वहीत जास्त जागा थांब्यांनी खाल्ली.

हिशेब शाळेतला आहे. ५,००० टनांची गाडी ताशी ६० ने धावत असते तेव्हा तिच्यात साधारण १९३ युनिट एवढी गतिज ऊर्जा साठलेली असते. थांबवली की ती ब्रेक ब्लॉकमध्ये तापून जाते. पुन्हा ६० वर न्यायची तर तेवढी ऊर्जा चाकांवर द्यावी लागते आणि मोटारी, कन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर यांतलं नुकसान धरलं तर तारेतून दोनशेच्या वर युनिट ओढावे लागतात. एका सिग्नलवरचा एक थांबा म्हणजे छोट्या कुटुंबाचं दोन महिन्यांचं लाइट बिल. रिजनने थांबवली तर त्यातलं बरंच परत येतं, पण सगळं येत नाही, कारण अगदी कमी वेगात रिजन विझतो आणि शेवटचं काम हवेच्या ब्रेकलाच करावं लागतं.

आता दुसरा हिशेब. सपाट मार्गावर थ्रॉटल शून्यावर आणला, म्हणजे गाडी नुसती सोडून दिली, तर एवढी जड रेक ६० वरून ३० वर यायला पाच-सहा किलोमीटर घेते. रोलर बेअरिंगवर चालणारी मालगाडी एवढी हलकी घरंगळते. याला कोस्टिंग म्हणतात आणि वीज वाचवायचा तो सगळ्यात जुना आणि फुकट मार्ग आहे. मात्र पुढे थांबायचं आहे हे पाच-सहा किलोमीटर आधी माहीत हवं. ड्रायव्हरला ते सांगतो डिस्टंट सिग्नल, आणि तो असतो स्टॉप सिग्नलच्या आधी किलोमीटर-दोन किलोमीटरवर. पिवळा दिसतो तेव्हा कोस्टिंगची वेळ निघून गेलेली असते. मग ए-९, म्हणजे सबंध गाडीच्या हवेच्या ब्रेकचा दांडा, ओढायचा, ब्रेक लावायचे, आणि साठवलेली सगळी ऊर्जा धुरात.

पुढे काय आहे हे पंधरा-वीस मिनिटं आधी माहीत असलेला माणूस त्या मार्गावर एकच होता, आणि तो विभागीय कंट्रोल ऑफिसमध्ये बसून कुठली गाडी कुठे थांबवायची हे ठरवणारा सेक्शन कंट्रोलर होता. इंजिनाचा मीटर ड्रायव्हरच्या नावावर चढत होता आणि त्यातला मोठा भाग ठरत होता कंट्रोलरच्या टेबलावर. ‘चालकनिहाय’ या शब्दातली गफलत तिथे होती.

आठ फेऱ्यांपैकी बहुतेकांमध्ये दोन जागा सारख्या येत होत्या. एक, मोठ्या स्टेशनाबाहेरचा होम सिग्नल. पुढची गाडी निघेपर्यंत आम्ही बाहेर उभे, कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. दोन, खळगा. मागून मेल येत असली की मालगाडीला खळग्याच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनवर, घालायचे. म्हणजे दहा किलोमीटरचा उतार उतरून कमावलेला सगळा वेग लूपच्या तोंडाशी ३० वर आणायचा, मग थांबवायचा आणि मेल गेल्यावर ५,००० टन चढाच्या पायथ्यापासून शून्यातून उचलायचे. त्याऐवजी माथ्यावर थांबवलं असतं तर चढानेच ब्रेक लावला असता आणि निघताना उताराने ढकललं असतं. लंडनच्या सेंट्रल लाइनची स्टेशनं १९०० सालीच मुद्दाम उंचवट्यावर बांधली होती, ती याच हिशेबाने.

समोरचे पर्याय

यादी सुधारायची हा पहिला पर्याय. इंजिनाची जात, लोड, दिशा वेगवेगळी धरून तुलना करायची. करता आली असती, पण मीटरांचे आकडेच बिघडले होते आणि लॉबीचा विश्वासही. मी तो पर्याय बाजूला ठेवला. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

दुसरा पर्याय रिजनचा. थ्री फेज इंजिनावरही बरेच ड्रायव्हर उतारावर रिजन न वापरता ए-९ नेच गाडी आवरायचे. वरच्या ऑफिसात याला आळस म्हणायचे. मीही आधी तसंच धरून चाललो होतो. विचारलं तेव्हा वेगळं निघालं. रिजनमध्ये ब्रेक फक्त इंजिनाला लागतो, मागचे ५८ वॅगन इंजिनावर येऊन दाबतात. दोन वॅगन जोडणाऱ्या प्रत्येक कपलरमध्ये थोडा ढिलेपणा असतो, तो पुढून मागे एकेक करत मिटतो. सोडताना घाई झाली की तोच ढिलेपणा झटक्याने उघडतो आणि नकल, म्हणजे कपलरचा आकडा, तुटते. ट्रेन पार्टिंग, गाडीचे दोन तुकडे. मग चौकशी, जबाब आणि एसएफ-११, म्हणजे शिस्तभंगाची चार्जशीट. त्या मुरलेल्या ड्रायव्हरने मला एका वाक्यात सांगितलं, “रिजन केला तर युनिट रेल्वेचे वाचतात, गाडी तुटली तर चार्जशीट माझ्या घरी येते.” याच्यापुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

तिसरा पर्याय सोपा होता. जोडीतली दोन्ही इंजिनं रिकाम्या रेकवरही चालू असायची. १,३०० टनांना बारा हजार अश्वशक्ती! मागच्या इंजिनाचा पॅन्टो, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, खाली घेऊन त्याला नुसतं ओढत आणलं तर त्याचे ब्लोअर, पंप, ट्रान्सफॉर्मर सगळं शांत राहतं.

चौथा पर्याय कंट्रोलरशी बोलण्याचा. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अवघड, कारण लोको इन्स्पेक्टर इलेक्ट्रिकलचा आणि कंट्रोलर ऑपरेटिंगचा. एकाच इमारतीत मजल्यांचं अंतर, पण फायली फिरायला लागल्या की मजले मैलांचे होतात.

काय केलं

आधी तिसरा पर्याय उचलला, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. मागचं इंजिन बंद ठेवण्याच्या सूचना आधीपासूनच होत्या, पाळल्या जात नव्हत्या एवढंच. का, तर मागचं इंजिन पुन्हा चालू झालं नाही आणि त्यामुळे गाडी अडकली तर उत्तर कुणी द्यायचं. इंजिनांचं बघणाऱ्या लोको कंट्रोलरशी बोलून ठरवलं की ड्रायव्हरने मागचं इंजिन बंद केल्याची वेळ त्याला सांगून ठेवायची आणि पुढे चालू होण्यात अडचण आली तर ती शेडची बाब धरायची, ड्रायव्हरची नाही. एवढं तोंडी आश्वासन पुरलं नाही. लेखी दिल्यावर पॅन्टो खाली येऊ लागले.

रिजनसाठी वर्ग घेतले नाहीत. माथा ते खळगा हा एकच उतार निवडला. दोनशेला एक उतारावर ५,००० टन गाडी खाली ओढणारं बळ सुमारे २४५ किलोन्यूटन. त्यातलं ९० च्या आसपास घर्षण आणि हवा खाऊन टाकते. उरतं दीडशेच्या थोडं वर. एका डब्ल्यूएजी-९ ची रिजनची ताकद २६० किलोन्यूटनपर्यंत आहे. म्हणजे हा उतार एकटं इंजिन रिजनवर आरामात धरू शकतं, हवेचा ब्रेक हात न लावता राहतो, आणि दहा किलोमीटरमध्ये तीनशे ते साडेतीनशे युनिट तारेत परत जायला हवेत. हा हिशेब मी फळ्यावर मांडला आणि त्या मुरलेल्या ड्रायव्हरना विनंती केली की पहिल्या फेऱ्या तुम्ही करा, पद्धत तुम्ही सांगा, मी फक्त लिहून घेतो.

त्यांनी सांगितलेली पद्धत अर्ध्या पानाची होती. माथा ओलांडायच्या आधीच पॉवर कमी करत शून्यावर आणायची. मग थांबायचं, घाई नाही, वॅगन आपोआप पुढे सरकून एकमेकांना टेकू द्यायचे. मग ब्रेकिंग एफर्ट थोडा थोडा वाढवायचा. वेग ५५ च्या आसपास धरायचा, साठला खेटायचं नाही, कारण साठ ओलांडला की घाबरून ए-९ ओढला जातो आणि दोन ब्रेक एकमेकांच्या पायात येतात. तळाशी आल्यावर रिजन सोडतानाही तितकंच हळू, आणि सोडल्या सोडल्या पॉवर द्यायची नाही. खळगा सपाटीवर पार होऊ द्यायचा. शेवटचं वाक्य त्यांचंच होतं आणि मी ते तसंच ठेवलं: “वॅगनला कळू देऊ नका की तुम्ही काही केलं.”

यात माझी दुसरी सही होती आणि दुसरी चूकही. ५५ ने उतरायचं म्हटल्यावर एक-दीड मिनिट जास्त लागणार होतं. तेवढा वेळ ‘लोको अकाउंट’वर, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हरमुळे झालेला उशीर म्हणून, धरू नये, अशी टिप्पणी मी ऑपरेटिंगकडे पाठवली आणि उत्तराची वाट न बघता ड्रायव्हरना सांगून टाकलं की वेळेचं मी बघतो. दुसऱ्याच आठवड्यात एकाकडे दोन मिनिटांचा खुलासा मागितला गेला. तो खुलासा मी लिहून दिला, प्रकरण मिटलं, पण त्या पोराने पुढचा महिनाभर रिजनला हात लावला नाही.

कंट्रोलशी बोलणं

मोठ्या स्टेशनाबाहेरच्या थांब्यासाठी माझी कल्पना अशी होती: लाइन मोकळी व्हायला वेळ आहे हे कंट्रोलरला कळलं की त्याने आधीच्या स्टेशन मास्तरला सांगावं, मास्तरने गाडी जाताना वॉकी-टॉकीवर ड्रायव्हरला सांगावं. दहा किलोमीटर ६० ने आलं तर दहा मिनिटं, ४० ने आलं तर पंधरा. पाच मिनिटं रस्त्यातच जिरवता आली तर होम सिग्नल तोवर पडलेला, म्हणजे मोकळा झालेला असेल आणि गाडी न थांबता आत जाईल. जास्त वाट बघायची असेल तर थांबावं लागणारच, पण मग किमान कोस्टिंग करत तरी येता येईल.

बैठकीत सेफ्टीच्या एका अधिकाऱ्यांनी याला कडक विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं ऐकून मला घाम फुटला. ते म्हणाले, आज तुम्ही सांगाल ‘हळू या’. उद्या मास्तर सांगेल ‘या, मेन लाइन मोकळी आहे’. परवा ड्रायव्हर कानावर विश्वास ठेवून सिग्नलकडे बघायचं विसरेल आणि लाल ओलांडेल. दोनशे युनिट वाचवायला माणसं मारणार का?

कल्पना तिथेच संपणार होती. ती वाचवली एका ज्येष्ठ सेक्शन कंट्रोलरने. त्यांनी सुचवलं की निरोप एकाच दिशेचा ठेवा. ‘पुढे वेळ आहे, हळू या’ एवढंच सांगायचं. ‘मोकळं आहे’ हे कधीही, कुणीही, कोणत्याही शब्दांत सांगायचं नाही. हळू येण्याचा निरोप चुकीचा निघाला तरी नुकसान दोन मिनिटांचं. मोकळं असल्याचा निरोप चुकीचा निघाला तर नुकसान मोजायला आपण नसू. सिग्नल हाच हुकूम, निरोप ही नुसती माहिती. सेफ्टीच्या अधिकाऱ्यांनी हे मान्य केलं आणि निरोपाचे शब्दही ठरवून दिले, म्हणजे कुणी आपल्या मनाने भर घालू नये.

मला विचाराल तर सबंध प्रकरणातला सगळ्यात हुशार निर्णय हा होता, आणि तो वीज वाचवण्याशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता अशा माणसाकडून आला.

खळग्याऐवजी माथ्यावर मेलला वाट देण्याचं मात्र अर्धंच जमलं. माथ्याला एकच लूप, आणि तिथे बऱ्याचदा खोळंबलेली एखादी रेक उभी असायची. शिवाय माथ्यावर थांबवायचं म्हणजे मालगाडीला मेलसाठी आणखी दहा-बारा मिनिटं आधी बाजूला घ्यायचं. क्रूच्या ड्युटीचे तास भरत आले असतील तर कंट्रोलर ते करणार नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही. ठरलं ते असं: लूप रिकामा असेल आणि क्रूला तास शिल्लक असतील तर माथा, नाहीतर खळगा.

काय झालं

मागचं इंजिन बंद ठेवणं टिकलं. त्याला कौशल्य लागत नाही, एकदा सवय झाली की झाली.

रिजन वाढला. पूर्वी त्या उतारावरून उतरल्यावर रिजनचा आकडा बऱ्याचदा दोन अंकी असायचा, तो तीन अंकी दिसू लागला. चांगल्या हाताखाली हिशेबातल्या तीनशेच्या जवळ जायचा. त्या काळात त्या उतारावर एकही ट्रेन पार्टिंग झालं नाही, आणि लॉबीत रिजनची भीती मोडली ती या गोष्टीमुळे. माझ्या फळ्यावरच्या आकड्यांमुळे नाही. ब्रेक ब्लॉकची झीज कमी दिसते, असं कॅरेज-वॅगनच्या लोकांनी आपणहून येऊन सांगितलं.

‘हळू या’ निरोपाचं तसं सरळ नाही. दिवसपाळीला तो चांगला चालायचा. रात्री मास्तर एकटा, कंट्रोलरकडे बोर्डभर गाड्या, मग निरोप राहून जायचा. मार्च उजाडला आणि लोडिंगचं टार्गेट डोक्यावर आलं तेव्हा तो जवळजवळ बंदच पडला. एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाला, पण आधीइतका नाही. माथ्यावर थांबवणं त्या ज्येष्ठ कंट्रोलरच्या पाळीत नेमाने व्हायचं, इतरांच्या पाळीत लहरीप्रमाणे.

विभागाचा आकडा वर्षअखेरीस खाली आला. वर पाठवलेल्या अहवालात त्याचं सगळं श्रेय आमच्या उपायांना दिलं होतं. अहवालाचा मसुदा माझा नव्हता, पण मी हरकतही घेतली नाही. त्याच वर्षी आमच्याकडे थ्री फेज इंजिनं वाढली होती, आणि केवळ तेवढ्यानेही आकडा खाली आला असता.

पुन्हा करायचं तर

यादी लावणार नाही. मीटर टिपायची पद्धत आधी नीट करीन, जोडीतल्या दोन्ही इंजिनांची, आणि पहिले तीन महिने ते आकडे कुणालाही न दाखवता नुसते साठवीन. आमच्याकडे ‘आधी’चा भरवशाचा आकडाच नव्हता, कारण तो आम्ही यादी लावून स्वतः नासवला होता.

थांब्यांचा हिशेब कंट्रोलच्या बोर्डावर नेईन, पण माणसाच्या नावाने नाही, जागेच्या नावाने. अमुक होम सिग्नलवर या आठवड्यात भरलेल्या किती रेक उभ्या राहिल्या, एवढंच. ड्रायव्हरवर केलेला अन्याय कंट्रोलरवर करण्यात काही शहाणपण नाही.

वेळेची सूट ऑपरेटिंगकडून लेखी हातात आल्याशिवाय एकाही ड्रायव्हरला ‘वेळेचं मी बघतो’ असं सांगणार नाही.

आणि कंट्रोलरना फूटप्लेटवर नेण्याचं काम पहिल्या आठवड्यात करीन. आम्ही ते शेवटी केलं, तेही एकदाच. तो ज्येष्ठ कंट्रोलर आमच्याबरोबर खळग्याच्या लूपमधून निघालेल्या भरलेल्या रेकवर होता. मेल गेली, स्टार्टर, म्हणजे निघायचा सिग्नल, पडला. ब्रेक सुटायलाच मिनिटभर गेलं. मग इंजिन कण्हल्यासारखा आवाज करत चढाला लागलं, चाकांना पकड मिळावी म्हणून रुळांवर वाळू पडत होती, वेगाचा काटा पाचवर, मग सातवर, मग पुन्हा पाचवर. त्यांनी घड्याळ बघितलं. चढाच्या निम्म्यावर पुन्हा बघितलं. वीस वर्षं त्यांनी ही गाडी चार्टवरची एक तिरकी रेघ म्हणून ओढली होती. म्हणाले, “मी इथून निघायला तीन मिनिटं धरतो.” ड्रायव्हरने वळून पाहिलं नाही, नजर पुढच्या सिग्नलवर ठेवूनच विचारलं, “आता किती झाली, सर?”

तेव्हा अकरावं मिनिट चालू होतं.